ॲलन सीली : आधी ‘ट्रॉटर-नामा’ की ‘एव्हरेस्ट हॉटेल’?

इंग्रजीत लिहिणारे भारतीय कादंबरीकार ॲलन सीली वाचायला घेतो म्हटलं की जाणकार ‘द एव्हरेस्ट हॉटेल’ हातात ठेवतात. ती आटोपशीर आहे आणि ‘द ट्रॉटर-नामा’ पाचशे पानांच्या पुढे जाते, एवढंच त्यामागचं कारण. माझं मत नेमकं उलटं आहे. मराठी वाचकाने जाडजूड पुस्तकापासूनच सुरुवात करावी.

सीलींचा जन्म १९५१ चा, अलाहाबादचा. घर अँग्लो-इंडियन, शाळा लखनौची ला मार्टिनिअर, कॉलेज दिल्लीचं सेंट स्टीफन्स. परदेशात बराच काळ काढून ते डेहराडूनला स्थायिक झाले. त्यांच्या आयुष्यातली शाळेची इमारत लक्षात ठेवा, कारण ‘ट्रॉटर-नामा’चा पाया तिथेच आहे. लिआँहून आलेल्या क्लॉद मार्तँ नावाच्या फ्रेंच माणसाने ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि अवधच्या नवाबाच्या चाकरीत अफाट पैसा केला, लखनौत बलूनचे प्रयोग केले, ‘कॉन्स्टॅन्शिया’ नावाचा महाल बांधायला घेतला. त्याच महालाच्या तळघरात त्याला पुरलं, आणि त्याच्या मृत्युपत्रातून तिथे शाळा उभी राहिली.

कादंबरीतला मूळपुरुष जस्टिन ट्रॉटर याच मुशीतला. तो म्हातारपणी बलूनमधून खाली कोसळतो, आणि तिथून सात पिढ्यांची हकिगत सुटते. सांगणारा सातवा ट्रॉटर. हा खोटी जुनी लघुचित्रं रंगवणारा, म्हणजे त्याच्या शब्दावर किती विसंबायचं हे आपलं आपण ठरवायचं. मध्येच पाककृती, मध्येच याद्या, पत्रं, कोशातल्यासारख्या नोंदी. इंग्रजी कादंबरीची सवय असलेला वाचक इथे गडबडतो. बखरी वाचलेल्या माणसाला मात्र हे घरचंच वाटेल: वंशावळ, स्तुती, भाऊबंदकी, ऐकीव गोष्टी, आणि या सगळ्यातून वाट काढत चाललेला इतिहास.

हा पसारा हौसेखातर मांडलेला नाही. १७९१ साली कंपनीने युरोपीय बाप आणि भारतीय आई असलेल्या, म्हणजे अँग्लो-इंडियन, मुलांना आपल्या वरच्या नोकऱ्यांची दारं बंद केली. बापाने ज्या राज्याची घडी बसवली, त्यातच मुलाला जागा नाही! इतिहासाच्या पुस्तकांत या समाजाला तळटीप मिळाली. म्हणून सीलींनी मोगल बादशहांच्या थाटाचा, ‘अकबरनामा’सारखा नामा या माणसांना बहाल केला. रूपाचा प्रयोग आणि सांगायची गोष्ट इतकी एकजीव झालेली भारतीय इंग्रजी कादंबरी क्वचितच सापडते. १९८८ च्या या पुस्तकाला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता ‘एव्हरेस्ट हॉटेल’ (१९९८). हिमालयाच्या पायथ्याचं ड्रमंडगंज नावाचं काल्पनिक गाव, एक जुनं हॉटेल, तिथे नव्वदीचा जेड, एके काळचा गिर्यारोहक आणि वनस्पतींचा अभ्यासक. त्याची देखभाल करायला रितू नावाची तरुण नन येते. पुढे एक जर्मन मुलगी येते, आणि स्वतंत्र पहाडी राज्याचं आंदोलन दाराशी येऊन ठेपतं. रचना कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’च्या धर्तीवर, ऋतुमानाने.

पुस्तक लहान, पण वाचायला सोपं नाही. वाक्यं वर्तमानकाळात, घट्ट विणलेली. घटना हळू घडतात, आणि सुटली एक ओळ की दुवा हरवतो. ‘ट्रॉटर-नामा’त दहा पानं चाळून पुढे गेलात तरी गोष्ट तुम्हाला गाठते. इथे तसं चालत नाही. कवितेची आवड असेल, पहाडातला पाऊस-उन्हाळा अंगावर घ्यायचा असेल, तर हीच घ्या, आणि सावकाश वाचा. रोज झोपताना दोन-चार पानं वाचणाऱ्यांनाही हीच बरी. त्या वेगाने ‘ट्रॉटर-नामा’तली नाती डोक्यात राहत नाहीत. तिला सुट्टीचे सलग दिवस द्यावेत आणि शेजारी कागदावर वंशावळ मांडत जावं.

सीली दरवेळी नवा साचा घडवतात. ‘रेड’ वर्णमालेच्या क्रमाने चालते. डेहराडूनमधल्या छोट्याशा प्लॉटवरचं घर आणि बाग यांबद्दलचं ‘द स्मॉल वाइल्ड गूझ पगोडा’ पंचांगासारखं रचलेलं आहे. त्यामुळे एक आवडलं म्हणून दुसरं आवडेलच असं नाही. ‘ट्रॉटर-नामा’ आवडली तर पुढे फतेहपूर सिक्रीतल्या अकबराचं ‘झेलाल्डिनस’ घ्या. ‘एव्हरेस्ट हॉटेल’ भावली तर ‘पगोडा’.