अकरा ताटांची राजकन्या: सात महिन्यांच्या वापरानंतर

परवा रात्री पुस्तकाचं एक पान सुटून हातात आलं, म्हणून हे लिहायला बसलोय. दहा परीकथांचा हा जाडजूड सचित्र संग्रह घेऊन सात महिने झाले. कथा कुठल्या ते वेगळं सांगायला नको. सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली, हॅन्सेल-ग्रेटेल, नेहमीचं गोत. दहा सुटी पुस्तकं घेण्यापेक्षा एक जाड पुस्तक स्वस्त पडतं, एवढाच हिशोब केला होता. तो कुठे चुकला ते पुढे येईलच.

माझी तक्रार झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीची. इथे ग्रिम बंधूंची कथा घेतली आहे. राज्यात शहाण्या बायका तेरा, राजाकडे सोन्याची ताटं बाराच, म्हणून तेरावीला आमंत्रण नाही. ती तणतणत येते आणि शाप देऊन जाते. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ सालच्या कथेत सात पऱ्या आहेत आणि न बोलावलेली आठवी, पण सोन्याच्या सरंजामावरून रुसवा तिथेही आहेच. म्हणजे शंभर वर्षांची झोप, काटेरी कुंपण, राजपुत्र, हे सगळं रामायण एका ताटापायी.

आणि मेजवानीच्या चित्रात ताटं अकरा!

हे मला नाही, आमच्या पाच वर्षांच्या बाईसाहेबांना दिसलं. ‘बाबा, एक कमी आहे.’ लांबलचक टेबल दोन पानांवर पसरलंय, त्यावर अंगठ्याच्या नखाएवढी पिवळी ताटं. डावीकडे सहा, उजवीकडे पाच. मी तीनदा मोजली. बारावं घासायला गेलंय अशी थाप मारून पाहिली, तर ‘अजून कुणी जेवलंच नाहीये’ असं उत्तर आलं. तेव्हापासून रोज रात्री गोष्टीच्या आधी ताटं मोजायची, हा नेम झाला.

मी प्रकाशकाला मेल केला. उत्तर आलं, चित्र तपासलं आहे, ताटं बारा आहेत. मी पानाचा फोटो काढला, प्रत्येक ताटावर लाल आकडा टाकला आणि पाठवला. त्यावर पुढच्या खरेदीसाठी सवलतीचं कुपन आलं. अहो, ताट मागितलं होतं मी, कुपन नव्हे! (कुपन वापरलं. तो भाग वेगळा.) त्या रागात इथे दोन तारे दिले होते.

बाकी पुस्तकाबद्दल माझं मत हळूहळू बदललं, हे कबूल करतो. बेडकाच्या गोष्टीत राजकन्या त्याची पापी घेईल म्हणून मी आवाज मऊ करून वाचत होतो, तर तिने त्याला उचलून भिंतीवर आपटलं. मी दचकलो, लेक खदखदून हसली. ग्रिमांच्या मूळ कथेत तसंच आहे. हिमगौरीच्या राणीचे तिन्ही प्रयत्न ठेवलेत, आधी नाडी, मग विषारी कंगवा, मग सफरचंद. पण शेवटी तिला तापलेल्या लोखंडी जोड्यात नाचवतात, तेवढं गाळलंय. ते बरंच केलं. सिंड्रेला मात्र काचेच्या बुटासकट पेरोची, ग्रिमांच्या कथेतल्या टाचा-अंगठे कापणाऱ्या बहिणी तिथे नाहीत. ज्याचं जे सोयीचं ते उचललंय, पण वाचताना जोड दिसत नाही. कागद मात्र इतका गुळगुळीत की दिव्याखाली अर्धं चित्र चकाकतं. पुस्तक तिरकं धरून मान आखडते.

आता ते पान. जाड पुस्तकाला मधोमध पिना मारता येत नाहीत. याची पानं शिवलेलीही नाहीत. पाठीकडच्या घड्या तासून सगळी पानं गोंदाने चिकटवली आहेत. असं पुस्तक सपाट उघडत नाही, मध्ये घळ राहते. आम्ही तर रोज तेच चित्र दोन्ही हातांनी दाबून उघडायचो. शेवटी डावं पान सुटलं. ते उचलून दिव्यापाशी धरलं, तर कडेला अर्धं पिवळं ताट. उजव्या पानाच्या पार आत, गोंदाला लागून, दुसरं अर्धं. दोन्ही जुळवली तर पूर्ण गोलसुद्धा होत नाही, मधली चिंचोळी पट्टी तासण्यात गेलेली. पण ताट आहे. बारावं.

म्हणजे चित्रकाराने बारा काढली होती आणि एक बांधणीने गिळलं. मेलला उत्तर देणाऱ्याने बहुधा छपाईआधीचं सपाट चित्र पाहिलं असणार, त्यामुळे तोही खरा आणि मीही खरा. हेच चित्र बत्तीस पानी, पिना मारलेल्या पातळ पुस्तकात असतं तर सात महिने ही कटकट झालीच नसती. स्वस्तात घेतलं ना, भोगा.

बांधणीसाठी नवी तक्रार करायचा मला पूर्ण हक्क आहे. पण आधीच्या तीन मेलनंतर ‘ताट सापडलं, आता पान निघालं’ असं कोणत्या तोंडाने लिहू? तारे दोनाचे तीन केलेत. काल गोंद घेऊन बसलो तर लेकीने पान पाठीमागे लपवलं. चिकटवलं की ताट परत आत जाणार, असं तिचं म्हणणं. ते पान सध्या तिच्या उशीखाली आहे.