ढगाळ हवेत घरातले कॅक्टस: पांढरा एलईडी पॅनल काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. आभाळ महिनोन्महिने भरलेलं असेल आणि कॅक्टस घरातच ठेवावे लागत असतील, तर १०० वॉटच्या आसपासचा, पांढऱ्या प्रकाशाचा, पूर्ण स्पेक्ट्रमचा (सगळ्या रंगांचा प्रकाश देणारा) आणि प्रकाश कमी-जास्त करता येणारा एलईडी पॅनल घ्या. माझा पॅनल ६० बाय ६० सेंटिमीटरच्या फळीवर टांगलेला आहे. पूर्ण ढगाळ हंगाम त्याच्याखाली काढल्यावर झाडांची जी वाढ दिसते आहे, ती खिडकीत कधीच दिसली नव्हती.

खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. ढगाळ दुपारी कुंडीच्या उंचीवर लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) धरला की आकडा तीन-चार हजारांवर अडकतो. मोकळ्या आकाशाखालचं भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं. वाळवंटी कॅक्टसला एवढ्या कमी उजेडात काय होतं हे पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: शेंडा निमुळता होतो, रंग फिकट पडतो, एरिओलमधलं, म्हणजे काटे जिथून फुटतात त्या ठिपक्यांमधलं, अंतर वाढतं आणि काटे केसासारखे बारीक येतात. नंतर कितीही प्रकाश दिला तरी तो बारीक झालेला भाग पुन्हा भरत नाही, त्याच्यावर नवी वाढ तेवढी जाड येते. म्हणून दिवा झाड बिघडायच्या आत घ्यावा.

दिवा निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा. ‘१००० वॉट’ असं ठळक छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात दिवा भिंतीतून १०० वॉटच ओढतो. खरी वीज किती लागते आणि एका वॉटमागे सेकंदाला किती मायक्रोमोल (झाडाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश मिळतो, एवढंच विचारा. अडीचच्या वरचा पॅनल चांगला. माझ्या पॅनलखाली ३० सेंटिमीटरवर, मधोमध साधारण ३५ हजार लक्स मिळतात. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की दर चौरस मीटरवर सेकंदाला पडणाऱ्या मायक्रोमोलचा अंदाज येतो, म्हणजे इथे ५०० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर दिवसाचे साधारण २१ ते २२ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). बहुतेक वाळवंटी जातींना ते पुरतं. मोबाइलच्या अ‍ॅपनेही मोजता येतं, फक्त सेन्सरवर पांढरा पातळ कागद धरा आणि आकडा अंदाज म्हणूनच घ्या.

लाल आणि निळे एलईडी मिसळलेल्या जांभळ्या दिव्यांबद्दल मला ठाम बोलायचं आहे. लाल-निळ्या प्रकाशात झाड वाढतं, त्यात वाद नाही. पण त्या उजेडात हिरवं सगळं काळपट दिसतं. झाड फिकटतंय की लालसर होतंय हे कळत नाही, आणि काट्यांच्या बुडाशी बसलेला पिठ्या ढेकूण नजरेतून सुटतो. पांढऱ्या प्रकाशात मॅमिलारिया या कॅक्टसच्या दोन गाठींच्या मधला कापसासारखा पुंजका मला लांबून दिसला आणि पसरायच्या आत तो काडीने काढता आला. घरात रोज तासन्‌तास जळणाऱ्या दिव्यासाठी हे कारण मला पुरेसं वाटतं. ४००० ते ५००० केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पांढरा डोळ्यांनाही सुसह्य असतो.

आता झाडांकडे. सगळ्यात जास्त आनंद फेरोकॅक्टसने दिला. नवा काटा शेंड्यातून वर येतो तेव्हा ओला असल्यासारखा लालभडक चमकतो, आणि या दिव्याखाली तो जाड, टोकाला वाकलेला येतो आहे. मॅमिलारियाचं डोकं चपटं राहिलंय आणि तिने कळ्यांचं कडं धरलं. जिम्नोकॅलिशियम मात्र मधोमध ठेवल्यावर तपकिरी-लाल व्हायला लागलं, कडेला सरकवल्यावर पुन्हा हिरवं झालं. त्याला मुळात थोडी सावलीच मानवते. ऱ्हिप्सालिस किंवा श्लुम्बर्गेरा हे जंगलातले कॅक्टस, त्यांच्यासाठी एवढा दिवा घेऊ नका, साधी एलईडी ट्यूबही पुरते.

सुरुवात अर्ध्या प्रकाशावर करा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवत न्या, कारण खिडकीतलं कोवळं झाड एकदम जोरदार प्रकाशात पांढरं पडतं. टायमर तर हवाच. कॅक्टस रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. त्यामुळे चोवीस तास दिवा चालू ठेवणं म्हणजे त्यांचं काम अडवणं. माझा टायमर १२ तासांवर आहे. वीज दिवसाला १.२ युनिट, म्हणजे महिन्याला ३६.

पाण्याचं गणितही दिव्याबरोबर बदलतं. उन्हात कुंडी तापते आणि माती झटपट वाळते. एलईडीखाली झाड जोमाने वाढत असलं तरी माती थंड राहते आणि ढगाळ हवेतली दमट खोली वाळण्याचा वेग आणखी कमी करते. मी मातीत निम्म्याहून जास्त प्युमिस (हलका, सच्छिद्र दगड) घालतो, फळीवर छोटा पंखा ठेवतो, आणि कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी देतो.

थंडीत खोली ५ ते १० अंशांवर राहत असेल तर पाणी बंद करून दिव्याचे तास कमी करा. रेब्युशियासारख्या जातींना फुलायला हा थंड, कोरडा विसावा लागतोच. खोली उबदार राहत असेल तर मात्र दिवा कमी करू नका. ऊब आणि अंधुक प्रकाश एकत्र आले की भर थंडीतही शेंडे लांबायला लागतात.

तक्रारी दोन. फळीच्या कोपऱ्यांत मोजमाप मधल्यापेक्षा निम्म्यावर येतं, त्यामुळे तिथे रोपं आणि जिम्नोकॅलिशियमच ठेवता येतात. आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) पॅनलच्या पाठीलाच बसवलेला असल्याने वरच्या फळीचं बूड गरम होतं. दुसऱ्या फळीसाठी मी ५० वॉटच्या दोन अरुंद पट्ट्या घेणार आहे, ड्रायव्हर तारेने लांब ठेवता येईल अशा. तेवढ्याच विजेत प्रकाश कडेपर्यंत जास्त सारखा पसरतो.