नागपूरच्या उन्हाळ्यात जाळीचं रायडिंग जॅकेट: आठ महिने, साडेअकरा हजार किलोमीटर

फेब्रुवारीच्या शेवटी घेतलेलं जॅकेट ऑक्टोबर सरत आला तरी रोज अंगावर आहे. माझं काम ठिबक सिंचनाचं. काटोल, नरखेड, वरुड या पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागांत जायचं, मोजमाप घ्यायचं, बसवलेल्या लाइनी तपासायच्या. आठवड्यातले चार दिवस मोटरसायकलवर, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस), मृगाचा पाऊस, श्रावणातला चिखल आणि आत्ताची ही ऑक्टोबरची काहिली, सगळं या जॅकेटने माझ्याबरोबर काढलं. म्हणून आता लिहायला बसले.

जॅकेट का घेतलं ते आधी सांगते, कारण निवड त्यावरच ठरली. त्याआधी वर्षभर मी भावाचं जुनं जाळीचं जॅकेट वापरायचे. डिसेंबरात एका वळणावर बारीक गिट्टीवरून चाक घसरलं, वेग फार नव्हता. जॅकेटच्या कोपरात पॅड होतं, तरी माझंच कोपर सोललं गेलं. बाही मला सैल होती. पडताना ती फिरली आणि पॅड कोपरावरून सरकून आतल्या बाजूला गेलं. घरी येऊन आरशासमोर तेच जॅकेट पुन्हा घालून पाहिलं, हात हँडलवर ठेवल्यासारखा पुढे केला आणि पॅड चिमटीत धरून फिरवलं, तर ते सहज पाव वेढा फिरत होतं. मोठ्या मापाच्या जॅकेटात कितीही भारी पॅड टाकलं तरी ते आयत्या वेळी जागेवर राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यामुळे या वेळी सगळ्यात आधी माप. बायकांसाठी शिवलेली जॅकेटं नागपुरात दोन-तीनच बघायला मिळाली आणि दुकानदार प्रत्येक ठिकाणी पुरुषांचं लहान माप पुढे करत होते. पुरुषांच्या मापात खांदे रुंद, कंबर सरळ, बाही लांब. मी चार दुकानं फिरले. प्रत्येक ठिकाणी जॅकेट घालून बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीवर बसून पाहिलं. उभं राहून जे बरोबर बसतं ते गाडीवर बसल्यावर मनगटातून तीन बोटं वर सरकतं आणि पाठीतून उघडं पडतं. शेवटी घेतलं ते बायकांच्या मापाचं, दंडाला आणि मनगटाजवळ आवळायचे पट्टे असलेलं. उभं असताना ते किंचित घट्ट वाटतं, गाडीवर बसलं की बरोबर बसतं. किंमत नऊ हजारांच्या जरा वर गेली.

दुसरी गोष्ट लेबल. आतल्या शिवणीला मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असलेली चिंधी असते, ती वाचायला शिका. ईएन १७०९२ हे युरोपातलं कपड्याचं मानक. त्यात एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. खांदा-कोपरासारख्या ज्या जागा आधी जमिनीवर आपटतात, तिथलं कापड घासण्याच्या चाचणीत किती टिकतं त्यावर पहिले तीन वर्ग पडतात: एएएला ताशी १२० किलोमीटर वेगाइतकी घसरण, एएला ७०, एला ४५. बी म्हणजे घासण्याला एच्या बरोबरीचं, पण पॅड नसलेलं. सी म्हणजे नुसती पॅडं धरून ठेवणारी जाळी, कापडाचं संरक्षण नाहीच. ‘सीई सर्टिफाइड’ (सीई ही युरोपातली मानकाची खूण) एवढंच सांगून विकल्या जाणाऱ्या कितीतरी जॅकेटांत प्रमाणपत्र फक्त आतल्या पॅडांचं असतं, वरच्या कापडाचं नसतं. मी घेतलेलं एए आहे. काटोल रस्त्यावर माझा वेग साठ-सत्तरच्या वर जात नाही, त्यामुळे मला तो वर्ग पटला.

पॅडांचं मानक वेगळं, ईएन १६२१. खांदा-कोपराच्या पॅडाला लेव्हल १ असेल तर ठरावीक फटक्यातून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (जोर मोजायचं एकक) जोर आत जाऊ शकतो, लेव्हल २ असेल तर २० पर्यंतच. पाठीच्या पॅडाला हेच आकडे १८ आणि ९. उन्हात गाडी चालवणाऱ्यांनी आणखी एक खूण बघावी: ‘टी’ आणि पुढे अधिकचं चिन्ह. यातली बरीच पॅडं एरवी मऊ असतात आणि फटका बसला की कडक होतात. अशा पदार्थावर तापमानाचा परिणाम होतो, म्हणून काही पॅडं ४० अंशांतही तपासलेली असतात. ती चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे सगळ्यांवर ही खूण मिळणार नाही. मे महिन्यात दुपारभर उन्हात ठेवलेल्या गाडीच्या सीटवर जॅकेट पडलं असेल तर त्यातलं पॅड पिठाच्या गोळ्यासारखं लिबलिबीत होतं. हे मी हाताने दाबून पाहिलं आहे. तेव्हापासून जॅकेट झाडाखाली किंवा शेतकऱ्याच्या ओसरीवरच ठेवते.

इथे माझी एक तक्रार आहे. डब्यावर ‘बॅक प्रोटेक्टरसह’ असं ठळक लिहिलं होतं. खिसा उघडला तर आत नुसता स्पंजाचा तुकडा, चटईसारखा, कुठलीही खूण नसलेला. कंपनीला फोन केला, मेल केला, उत्तर आलं की हे ‘कम्फर्ट पॅड’ आहे. माणसाच्या पाठीच्या कण्यावर असा शब्दांचा खेळ करू नये, याचा मला आजही राग आहे. मी लेव्हल २ चं भोकांचं पॅड वेगळं घेतलं, अडीच हजार रुपये गेले. त्याने पाठ जास्त घामेजते हे खरं. संध्याकाळी टी-शर्टवर पॅडाच्या आकाराचा ओला ठसा असतो. तरी ते मी एकदाही काढलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट, ऊन.

बागेत पोचले की हमखास प्रश्न येतो, ‘एवढ्या उन्हात कोट घालून कायले फिरता वो ताई?’ मी त्यांना कूलरचं सांगते. नागपुरात कूलर कसा चालतो हे कुणाला समजवावं लागत नाही. वाळ्याच्या टट्टीवर पाणी, त्यातून कोरडी गरम हवा ओढली की पाणी उडतं आणि हवा गार होते. मे महिन्यात स्वेटर आठवतो इतकी गार. तोच कूलर जुलैत लावला तर घर नुसतं दमट होतं. जाळीच्या जॅकेटचं गणित अगदी हेच आहे, फक्त टट्टीच्या जागी आपण असतो.

आपली त्वचा साधारण ३५ अंशांची. हवा त्यापेक्षा गार आहे तोवर लागणारा वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, जाळी जितकी मोकळी तितकं बरं. मार्चची सकाळ, नोव्हेंबरची दुपार अशीच. पण पारा ४३-४४ वर गेला की तोच वारा उष्णता आत आणून टाकतो. मग सगळा भार घामावर येतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, ही काही थोडी नाही. अडचण अशी की कोरड्या, जोरदार वाऱ्यात घाम सुटल्या सुटल्या उडतो. अंग कोरडं लागतं, आपल्याला वाटतं घाम येतच नाही, आणि शरीरातलं पाणी संपत जातं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोंढाळीकडून काटोलला येताना मला नेमकं हेच झालं. जाळी पूर्ण उघडी, आत पातळ ड्रायफिट (घाम पटकन वाळवणारा सिंथेटिक टी-शर्ट), अंगावर घामाचा टिपूस नाही, आणि गाडी थांबवल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. लिंबाच्या झाडाखाली अर्धा तास बसले, मीठ-साखरेचं पाणी प्यायले, तेव्हा कुठे पुढे निघता आलं.

त्यानंतर पद्धत बदलली. या जॅकेटला छातीवर दोन उभ्या पट्ट्या आहेत. चेन ओढली की जाळी झाकली जाते. चाळिशीच्या वर पारा असेल तर मी त्या बंद ठेवते. आत सुती टी-शर्ट, तोही नळाखाली भिजवून, हलका पिळून घातलेला. बाह्यांतून आणि बगलेतून जेवढी हवा येते तेवढीच येऊ देते. पाणी हळू उडतं आणि गारवा ३०-४० मिनिटं टिकतो. तेवढ्यात एखादं गाव येतंच, तिथे पुन्हा भिजवते. एरवी घामासाठी सुती कपडा वाईट म्हणतात कारण तो लवकर वाळत नाही. कोरड्या उन्हात मला तेच हवं असतं. जुलै ते ऑक्टोबर मात्र हा उपाय फुकट आहे. हवेतच ओल असते, भिजलेला शर्ट अंगाला चिकटून राहतो. तेव्हा पट्ट्या उघड्या, आत ड्रायफिट आणि चालत्या गाडीचा वारा. कोकणात किंवा मुंबईत चालवणाऱ्यांना वर्षभर हेच लागू पडेल, त्यांनी शक्य तेवढी मोकळी जाळी घ्यावी.

मानेभोवती ओला पंचा बांधते तो दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचून. मोकळं टोक गाडीच्या चेनमध्ये किंवा चाकात जाऊ शकतं, तेवढं जपा.

आणि हेही सांगते की जॅकेटला मर्यादा आहे. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलेत. अशा दिवसांत कुठलंच कापड भर दुपारी मदतीला येत नाही. नवतपात मी पहाटे साडेपाचला निघायचे, अकराच्या आत कुठल्यातरी सावलीत पोचायचे आणि चारनंतर परतीला लागायचे.

रंग फिकट राखाडी घेतला. धावत्या गाडीवर काळ्या-पांढऱ्यात मला फारसा फरक जाणवला नाही, पण फाटकापाशी दहा मिनिटं थांबलं की जाणवतो. मळतो मात्र लवकर. पॅडं धरून वजन किराणा दुकानातल्या काट्यावर दोन किलो शंभर ग्रॅम भरलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा पडले. बागेच्या मुरमाच्या वाटेवरून डांबरी रस्त्यावर चढताना ओल्या काठावर पुढचं चाक सटकलं, वेग पस्तिसच्या आसपास. डाव्या अंगावर आले आणि थोडं घसरत गेले. घरी येऊन जॅकेट खिडकीपाशी उजेडात धरलं. कोपरावरच्या जाड कापडाला नुसती लव सुटली होती, एके ठिकाणी धागे वितळून चकचकीत झाले होते. पॅड जागेवर, कोपराला साधं खरचटलेलंही नाही. पण त्याच बाहीवर, मनगटाच्या चार बोटं वर जिथे जाळी सुरू होते, तिथे दोन बोटं जाईल एवढं भोक पडलं होतं आणि तेवढ्याच जागेवर माझी कातडी गेली होती. म्हणून घेताना जाळी किती आहे यापेक्षा कुठे आहे ते बघा. छाती, बगल, बाहीची आतली बाजू इथे जाळी चालेल. खांदा, कोपर आणि कोपराखालचा बाहेरचा भाग अखंड जाड कापडाचा हवा. माझ्या जॅकेटात कोपराखाली कापड लवकर संपतं, हा त्याचा खरा दोष आहे. भोकावर शिंप्याकडून जाड नायलॉनचं ठिगळ लावून घेतलं आहे, पण ती जागा आता चाचणी झालेल्या कापडाची राहिली नाही, हे मी धरून चालते.

पावसाचं अस्तर आतून लावायचं आहे, ते मला अजिबात पटलं नाही. आपण कोरडे राहतो, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि वाळायला रात्र पुरत नाही. त्या अस्तराची चेनही तिसऱ्या महिन्यात गेली. वरून घालायचा साधा रेनकोट घेतला आणि अस्तर कपाटात ठेवून दिलं.

धुण्याचं थोडक्यात: पॅडं काढून, कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, हातानेच, दर पंधरा दिवसांनी. उन्हाळ्यात तर चुकवूच नका. बगलेत आणि कॉलरला मिठाचे पांढरे नकाशे उमटतात आणि कापड खरखरीत होऊन मान घासते. वाळवायचं सावलीत. पॅडं परत घालताना खोलगट बाजू अंगाकडे आहे ना ते बघायचं. मी एकदा घाईत खांद्याचं उलटं घातलं होतं आणि दिवसभर काहीतरी टोचतंय म्हणून कुरकुरत होते.

धाकटी बहीण जानेवारीत अमरावतीला रुजू होते आहे. तिलाही गाडीवरच फिरावं लागणार. तिच्यासाठी याच मापाचं, पण मनगटापर्यंत कापड असलेलं शोधते आहे. पाठीचं पॅड आधीच घेऊन ठेवलं आहे, म्हणजे दुकानात जाताना बरोबर नेता येईल आणि खिशात बसतं का ते तिथेच बघता येईल.