रिपीटर घ्यावा की केबल ओढावी?

अंबाजोगाईहून भाच्याचा फोन आला. "मामा, ओसरीत वायफाय जोरात, माजघरात सारखं तुटतंय. रिपीटर घेऊ का केबल ओढून दुसरा राउटर लावू?" घर माळवदाचं, भिंती दोन-दोन फुटी. सिग्नल तिथंच मरतो. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी (बँड) ५ गिगाहर्ट्झचा तर २.४ च्या आधी.

मेहनत कमी हवी तर रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पुढे ढकलणारा छोटा डबा, बरा. सॉकेटात खोचला की चालू. केबलला भिंतीत भोक पाडावं लागतं, टोकांना पिना दाबून बसवाव्या लागतात (क्रिंप).

खर्च म्हणाल तर घरात जुना राउटर पडून असेल तर केबलच स्वस्त. मात्र निव्वळ तांब्याचीच घ्या, मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको.

खरा फरक टिकण्यात आहे. रिपीटर मिळालेला सिग्नलच पुढे देतो. लोक तो माजघरातच लावतात, जिथं सिग्नलच नाही. लावायचा असतो अर्ध्या वाटेवर. शिवाय एकाच बँडचा असेल तर वेग जवळपास निम्मा होतो. केबलला भिंतीचं काही नाही, १०० मीटरपर्यंत बिनघोर. फक्त दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपला नेटवर्कमधले पत्ते देणारी सोय) बंद करा, नाहीतर दोघंही पत्ते वाटत बसतात.

आधी राउटरचा ॲडॅप्टर मात्र तपासाच, तुटण्याचं कारण तोही असू शकतो. गेल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला माझा राउटर दर तासाला रिस्टार्ट व्हायचा. ॲडॅप्टरला हात लावला तर चटका बसला. तेवढ्याच व्होल्टचा नवा लावला, थांबलं.

भाड्याची खोली, नुसता मोबाइल बघायचा, तर रिपीटर पुरे. घर स्वतःचं, पोरांचे ऑनलाइन क्लास, घरून काम असेल तर केबलच ओढा. भाच्याला मी तेच सांगितलं.