घरच्या सर्व्हरवर निक्सओएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या लहानशा सर्व्हरवर मी गेले काही महिने निक्सओएस ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली वापरत आहे. त्यावर फाइली साठवण्यासाठी नेक्स्टक्लाउड, डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल आणि वेब सर्व्हर म्हणून एनजिनएक्स एवढाच पसारा आहे. नेहमीच्या लिनक्सवर एकेक आज्ञा देत सर्व्हर उभा राहतो आणि कोणती फाइल कशासाठी बदलली होती, हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही. इथे सर्व्हर कसा असावा, हे कॉन्फिगरेशन फाइलीत लिहून ‘निक्सओएस-रीबिल्ड स्विच’ ही आज्ञा दिली की यंत्रणा तशी घडते.

संकेतस्थळाच्या नोंदीत ‘एनेबलएसीएमई’ आणि ‘फोर्सएसएसएल’ हे दोन पर्याय चालू केले की सुरक्षित जोडणीसाठी (एचटीटीपीएस) लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र मिळवणे, नूतनीकरणाचा टायमर लावणे आणि ते एनजिनएक्सला जोडणे ही कामे आपोआप होतात. अटी मान्य असल्याची ओळ आणि ईमेल पत्ता एकदाच लिहावा लागतो, आणि फायरवॉलमध्ये 80 व 443 हे पोर्ट आपण उघडायचे असतात. दूरवरून फायरवॉल किंवा एसएसएच (दूरस्थ लॉगिनची सोय) यांची मांडणी बदलताना मी ‘स्विच’ऐवजी ‘टेस्ट’ वापरतो, कारण तो बदल बूटच्या यादीत जात नाही आणि संपर्क तुटलाच, तर सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर जुनी मांडणी परत येते.

जुन्या मांडणीवर असे परतणे शक्य होते ते निक्स स्टोअरमुळे, म्हणजे सगळी पॅकेजेस जिथे साठवली जातात त्या जागेमुळे. एल्को डोल्स्ट्रा यांनी 2006 मध्ये उट्रेख्त विद्यापीठातील प्रबंधात मांडलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक पॅकेज स्वतःच्या हॅशच्या (गणिताने काढलेल्या ओळखखुणेच्या) नावाने वेगळे राहते, त्यामुळे जुने आणि नवे एकत्र नांदतात. मात्र हे स्टोअर सर्व्हरवरील कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येते, म्हणून पासवर्ड कॉन्फिगरेशनमध्ये कधीही लिहू नयेत. त्यासाठी सॉप्स-निक्स किंवा एजनिक्स ही गुपिते कूटबद्ध ठेवणारी साधने वापरावीत.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा डेटाची आहे. मागच्या जनरेशनवर (यंत्रणेच्या आधीच्या जतन केलेल्या मांडणीवर) परतल्याने प्रोग्राम जुने होतात, पण डेटाबेस होता तसाच राहतो. पोस्टग्रेएसक्यूएलची मुख्य आवृत्ती बदलली की जुनी डेटा-डिरेक्टरी तिला थेट चालत नाही, आणि नेक्स्टक्लाउड तर एकदा पुढे गेल्यावर मागच्या आवृत्तीवर येऊच देत नाही. म्हणून अपग्रेडपूर्वी डेटाबेसचा डंप (संपूर्ण प्रत) आणि फाइलींचा बॅकअप घेणे हे काम कॉन्फिगरेशन कितीही नेटके असले, तरी टळत नाही.

त्रुटींचे संदेश लांबलचक आणि दुर्बोध असतात, ही माझी कायमची तक्रार आहे. शिवाय निक्सओएसची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि तिला साधारण सातच महिने आधार मिळतो, म्हणजे वर्षातून दोनदा अपग्रेड आलेच. ज्यांना सर्व्हर वर्षानुवर्षे हात न लावता चालवायचा आहे, त्यांनी डेबियन या लिनक्सची ‘स्टेबल’ आवृत्तीच घ्यावी.