आउट ऑफ द पार्क बेसबॉल : आधी मालक वाचा, मग खेळाडू

संघाचा मालक म्हणजे काय, हे इंदूरच्या मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. यशवंतराव होळकरांनी संघ पोसला, मैदानात शब्द चालला कर्नल सी. के. नायडूंचा. १९४४-४५च्या रणजी अंतिम सामन्यात तर डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढून गेला. पुढे १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात करंडक चारदा इंदूरला आला. पैसा एकाचा, डाव दुसऱ्याचा. संगणकावरचा हा खेळ आपल्याला या दोघांच्या मधोमध बसवतो, अमेरिकी बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारा आणि करार करणारा, म्हणून.

चेंडू टोलवायची बटणं इथे नाहीत. आकडे, करार, निरोप आणि इंग्रजी मजकुराने गच्च भरलेला पडदा. ज्यांना ते रुचत नाही त्यांनी घेऊ नये.

पहिल्याच दिवशी मालकाचं पान उघडा. त्याचा हात सैल आहे की आखडता, त्याला धीर किती, यंदा काय हवं आणि पुढच्या काही वर्षांत काय हवं, सगळं तिथे असतं. बजेट तोच ठरवतो. खेळाची खरी ताकद इथेच आहे, कारण याच बजेटात सामन्यांसाठीचा २६ जणांचा चमू आणि तो धरून ४० जणांची यादी बसवायची असते.

नवखे तीन ठिकाणी हमखास अडकतात. चौतिशीतल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सहा वर्षांचा करार देतात; चौथ्या वर्षी त्याच्या चेंडूचा वेग उतरलेला असतो, पगार मात्र ठरलेला तो द्यावाच लागतो. दुसरं, ऑप्शन, म्हणजे खेळाडूला इतरांच्या हाती न लागू देता आपल्याच खालच्या दर्जाच्या संघात धाडायची मुभा. ज्याची तिन्ही ऑप्शन वर्षं संपली त्याला खालच्या संघात धाडायचं तर आधी वेव्हरवर, म्हणजे इतर संघांना मागता येईल अशा यादीत, ठेवावं लागतं आणि उरलेल्या २९ संघांपैकी कुणीही त्याला उचलू शकतो, बदल्यात आपल्याला खेळाडू मिळत नाही. तिसरी चूक बुलपेनची, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्याची. हंगामात सामने १६२, आणि २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३. म्हणून शेवटचे दोन-तीन पिचर ऑप्शन शिल्लक असलेलेच ठेवा. दमलेला खाली, ताजा वर, असा फेरा चालू राहतो.

खालच्या संघांची रोजची कामं सुरुवातीला सहायकांवर सोपवा. कराराची सही मात्र स्वतःकडेच हवी.

एक उणीव खटकते: मालक कधी कधी खर्च कमी करा म्हणतो आणि त्याच दमात प्लेऑफही (हंगामाअखेरची बाद फेरी) मागतो. पण न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचा मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर याने बिली मार्टिनला पाच वेळा मॅनेजर, म्हणजे मैदानावरचा प्रशिक्षक, केलं आणि पाचही वेळा तो गेला, हे आठवलं की ही मागणी खोटी वाटत नाही.

खेळाडूंच्या कार्डांची पाकिटं विकणारा परफेक्ट टीम हा भाग सोडून द्या. त्याला इंटरनेट लागतं, खिसाही हलका होतो. नवी आवृत्ती दर वर्षी मार्चच्या सुमारास येते. मालकाचा भाग शिकायला सवलतीतली जुनी आवृत्ती पुरते. मालकाने नोकरीवरून काढण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. ती चालूच ठेवा.