अंदमानच्या पॅकेजमध्ये झालेली फसवणूक : हॉटेलची नोंद आणि परतीची तिकिटे स्वतः तपासावीत

नाशिकमधील एका प्रवास एजंटाने पोर्ट ब्लेअरच्या (आताचे अधिकृत नाव श्री विजयपुरम) छोट्या सहलीसाठी आमच्या कुटुंबाकडून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. त्यानंतर त्याने हॉटेलचे पैसे भरलेच नाहीत आणि परतीची विमानतिकिटे आम्हाला न कळवता रद्द करून त्यांचा परतावा स्वतः घेतला. हातात सर्व कागदपत्रे असतानाही अशी फसवणूक करता येते, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नाही. सुट्ट्यांच्या हंगामात नाशिकहून अंदमानला जाणाऱ्या कुटुंबांपर्यंत ही माहिती पोहोचावी, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

आमचे मूळ घर भगूरचे, म्हणजे सावरकरांच्या जन्मगावचे. सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी पाहावे, ही माझ्या वडिलांची फार जुनी इच्छा होती, आणि एजंटाने नेमका याच भावनेचा उपयोग केला. त्याच्या माहितीपत्रकावर स्वातंत्र्यवीर सावरकरांचे छायाचित्र होते आणि त्यांच्या कोठडीत ‘विशेष परवान्याने’ प्रवेश मिळवून देण्यासाठी प्रत्येकी ७०० रुपये वेगळे लावलेले होते. प्रत्यक्षात ती कोठडी, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली, जेलचे साधे प्रवेश तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला पाहता येते. त्याच पत्रकात ‘अंदमान प्रवेश परवाना’ या नावाखाली माणशी १,५०० रुपये धरले होते. भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअरला जाण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. निर्बंध आहेत ते आदिवासींच्या राखीव क्षेत्रांसाठी. पत्रकातली आणखी एक नोंद सांगण्यासारखी आहे. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील चिडियाटापूला सायंकाळी सव्वासहाला पोहोचून सूर्यास्त पाहायचा, असे त्यात छापले होते. अंदमान आपल्या पूर्वेला इतके दूर आहे की भारतीय प्रमाणवेळेनुसार जानेवारीत तेथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. ज्याने हे वेळापत्रक लिहिले त्याने ते ठिकाण कधी पाहिलेले नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाच जणांसाठी १ लाख ४२ हजार रुपये ठरले. पावती कंपनीच्या नावाची मिळाली, पैसे मात्र एका व्यक्तीच्या खात्यात गेले, आणि जीएसटीची रक्कम लावूनही पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. वडिलांनी हॉटेलचा फोन नंबर मागितला तेव्हा उत्तर आले, “काका, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकीचं सगळं माझ्यावर सोडा.” निघण्याच्या आठवडाभर आधी व्हॉट्सअॅपवर विमानाची तिकिटे आणि हॉटेलचे व्हाउचर आले. तिकिटांवर पीएनआर होता, आणि तो त्या दिवशी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर बरोबर उघडतही होता.

चेन्नईमार्गे जातानाचा प्रवास सुरळीत झाला. हॉटेलच्या स्वागतकक्षातील तरुणाने आमचे व्हाउचर पाहिले, रजिस्टर आमच्याकडे वळवले आणि एका ओळीवर बोट ठेवले. वडिलांचे नाव तेथे पेन्सिलीने लिहिलेले होते आणि पुढे रकमेचा रकाना कोरा होता. त्याने सांगितले की एजंटाने खोल्या केवळ तात्पुरत्या राखून ठेवायला सांगितल्या होत्या. पैसे न आल्यामुळे आदल्या सायंकाळी ती नोंद सोडून देण्यात आली. आमच्या हातातले व्हाउचर हॉटेलने दिलेलेच नव्हते. ते एजंटाने स्वतःच्या संगणकावर तयार केले होते आणि म्हणूनच त्यावर हॉटेलचा कन्फर्मेशन क्रमांक नव्हता. एजंटाचा फोन त्या दुपारनंतर लागला नाही. त्या तरुणाने स्वतः चार ठिकाणी फोन करून अॅबर्डीन बाजारजवळ दोन खोल्या मिळवून दिल्या आणि त्यासाठी एक रुपयाही घेतला नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. त्या शहरात आम्हाला कोणीही फसवले नाही. फसवणूक आमच्याच गावातून झाली.

सेल्युलर जेल आम्ही पाहिले. मध्यवर्ती मनोऱ्याभोवती सात इमारती होत्या, त्यांपैकी तीन आज उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग पुढच्या इमारतीच्या पाठीकडे येतो, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याच्या वधानंतर आपल्या नाशिकच्या कितीतरी घरांवर जे संकट कोसळले त्याची खूण तेथे आहे. सावरकर १९११ मध्ये तेथे पोहोचले तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच त्याच तुरुंगात होते. वडील त्या कोठडीत बराच वेळ उभे राहिले. अशा जागेच्या ओढीचा कोणी धंदा करावा, याचा मला आजही मनस्वी संताप येतो.

परतीच्या आदल्या रात्री वेब चेक-इन करताना पीएनआर रद्द झाल्याचे दिसले. विमानतळावरील कर्मचाऱ्यांनी तपासून सांगितले की आम्ही मुंबईहून निघालो त्याच दिवशी एजंटाच्या खात्यातून परतीची तिकिटे रद्द झाली होती आणि परतावाही त्याच खात्यात जमा झाला होता. आम्हाला सूचना न येण्याचे कारण साधे होते : बुकिंगमध्ये संपर्कासाठी मोबाइल क्रमांक आणि ई-मेल एजंटाचेच होते. एजंटाने काढलेले तिकीट त्याच्या पोर्टलवरून त्याला रद्द करता येते, आणि परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जातो. म्हणून तिकीट मिळाले त्या दिवशी पीएनआर तपासला, एवढ्याने सुरक्षितता येत नाही. विमान कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून बुकिंगमध्ये आपला स्वतःचा क्रमांक आणि ई-मेल नोंदवून घ्यावा, निघण्याच्या दिवशी आणि तिकडे पोहोचल्यावरही परतीची स्थिती पाहावी. हॉटेलचा क्रमांक एजंटाकडून घेऊ नये, स्वतः शोधावा, आणि केवळ “नाव आहे का” असे न विचारता “पूर्ण पैसे जमा झाले आहेत का” असे विचारावे. नाव तर आमचेही होते. ऐन वेळी नवी तिकिटे काढताना आम्हाला ८० हजारांहून अधिक खर्च आला.

नाशिकला परतल्यावर पोलीस ठाण्यात प्रथम “हा व्यवहारातला वाद आहे, ग्राहक न्यायालयात जा” असे सांगण्यात आले. तेव्हा विमान कंपनीकडून ई-मेलवर मागवलेली लेखी माहिती उपयोगी पडली. तिकिटे रद्द केल्याची तारीख, वेळ आणि परतावा कोणत्या खात्यात गेला हे त्यात आल्यामुळे हेतू स्पष्ट झाला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार घेतली गेली. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्वरित कळवावे, कारण रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. उशीर झाला की ती पुढे सरकलेली असते. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आणि समांतर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करू शकतो, दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असेही नाही.

आमची तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगापुढे आहे. तिच्यासोबत आम्ही माहितीपत्रक, पावती, बँकेचे विवरण, विमान कंपनीचा ई-मेल, हॉटेलने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेले पत्र आणि व्हॉट्सअॅपवरील संपूर्ण संभाषण जोडले आहे. त्या संभाषणातले एजंटाचे काही संदेश त्याने नंतर काढून टाकले, परंतु आम्ही चॅट आधीच ई-मेलवर पाठवून ठेवले होते, त्यामुळे ते शाबूत राहिले. त्याच एजंटाकडे येत्या हंगामाचे पैसे भरलेली आणखी काही कुटुंबे आता आमच्या संपर्कात आली असून, त्यांपैकी दोघांच्या परतीच्या तिकिटांवर त्यांचे स्वतःचे मोबाइल क्रमांक नोंदवून झाले आहेत.